नाक जगाचं आणि नाकी नऊ आमच्या

...आणि वर म्हणतात कसे, "त्यात काय मोठंसं? भिंतीवर एक डबी ठोकायची, त्यात वास भरायचा, झालं!" झालं? झालं म्हणे! अहो, इतकं सोपं असतं तर मी डोक्यावरचे केस कशाला घालवले असते? तुम्हाला सांगतो, जगात दोनच कामं अशी आहेत की ज्यातलं प्रत्येकाला सगळं कळतं. एक म्हणजे दुसऱ्याची मुलं वाढवणं आणि दुसरं माझं! पूल बांधणाऱ्याला कोणी विचारतं का, की "काय हो, तो मधला खांब जरा डावीकडे घेतला असता तर?" नाही विचारत! पण मी सुगंध पसरवायची मशीनं बनवतो म्हटलं की समोरचा लगेच नाक फेंदारून सल्ला द्यायला तयार. आणि ओळख करून देताना तर विचारूच नका! परवा एका लग्नात आमच्या मेव्हण्यानं चारचौघांत माझी ओळख करून दिली, "हे आमचे भावोजी. हे वास सोडतात." वास सोडतात! त्या चारचौघांनी एकेक पाऊल मागे घेतलं हो! मी घाईघाईनं म्हटलं, "सोडत नाही, पसरवतो." तर त्यातल्या एकानं आणखी एक पाऊल मागे घेतलं.

म्हणून म्हणतो, नाक जगाचं आणि नाकी नऊ आमच्या!

तुम्ही ते जुनं मशीन पाहिलंच असेल. नाही? तुम्ही पाहिलं नसलं तरी त्यानं तुम्हाला पाहिलंय. हॉटेलच्या बाथरूममध्ये हात धुताना डोक्यावरून अचानक "फस्स्स!" असा आवाज येतो, तुम्ही दचकता, वर बघता, आणि वर बघता म्हणूनच नेमकं ते डोळ्यात जातं... तेच! ते आमच्या कंपनीचं. म्हणजे माझं नाही हं, माझ्या आधीच्यांचं. आत दाबून भरलेला डबा, वर एक दांडा, ठरलेली वेळ झाली की दांडा डब्याचं नरडं दाबतो आणि डबा किंचाळतो. खोलीत माणूस असो, नसो, खिडकी उघडी असो, बंद असो, त्याला काही सोयरसुतक नाही. अर्धा सुगंध भिंतीवर, पाव फरशीवर आणि उरलेला ज्याला टक्कल आहे त्याच्या टकलावर! भिंतीवर ओघळ, फरशी चिकट. एका हॉटेलात एक पाहुणा त्या फरशीवरून घसरला तो थेट... जाऊ द्या, तुमची जेवायची वेळ असेल.

तर मी ठरवलं, असं मशीन करायचं की जे ओकणार नाही, नुसती फुंकर घालेल. थेंब नाही, ओघळ नाही, आवाज नाही. आत कापसासारखी एक जाड वडी, तिच्यात अत्तर मुरलेलं, खाली नखाएवढा पंखा. पंखा हळूच फिरणार, हवा वडीतून जाणार, सुगंध तेवढा बरोबर घेणार आणि ओल तिथल्या तिथे ठेवणार. माणूस आत आला की चालू, बाहेर गेला की बंद. सांगताना किती सोपं वाटतं ना? अहो, हवा कुठून कुठे जाते हे बघायला मी काठीला रेशमाचा धागा बांधून अख्ख्या ऑफिसभर फिरत होतो! जिन्यात, जेवणघरात, साहेबांच्या खुर्चीमागे... हिशेबखात्यातल्या बाईंनी घरी जाऊन सांगितलं की आमच्या ऑफिसात भूत आहे आणि ते पकडायला एक माणूस नेमलाय, पण पगार मात्र इंजिनियरचा घेतो. गरम हवा वर जाते, एसीचा झोत तिला खाली ढकलतो, कोणी दार उघडलं की आपलं सगळं गणित दाराबाहेर! मशीनचं तोंड कुठल्या कोनात ठेवायचं ह्यावर मी जेवढा विचार केलाय ना, तेवढा माझं स्वतःचं तोंड कधी उघडायचं ह्यावर केला असता तर आज कुठल्या कुठे असतो.

पण बनलं! आणि सुंदर बनलं हो, स्वतःच्या तोंडानं सांगतो. पांढरंशुभ्र, तळहाताएवढं, कानाला लावलं तरी आवाज नाही. मी ते उशाशी घेऊन झोपायचंच बाकी होतं.

मग बड्या साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब फार हळू बोलतात, आणि जितकं वाईट सांगायचं असेल तितके आणखी हळू. म्हणाले, "हे बघा... हॉटेलवाल्या मॅडम येतायत." मी म्हटलं, "बरं." "त्यांच्या सगळ्या हॉटेलांची खरेदी त्या एकट्या ठरवतात." म्हटलं, "बरं." "त्यांना पटलं तर तुमची फुंकर. नाही पटलं तर आपलं पुन्हा फस्स." मी म्हटलं, "आणि मी?" तर साहेब इतके हळू बोलले की मला टेबलावर ओणवं व्हावं लागलं. "तुम्ही... गोळ्यांकडे."

गोळ्या! अहो, औषधाच्या नव्हे! त्या... कमोडमध्ये लटकवतात त्या! जाळीतल्या! निळ्या! आमच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला त्यांचा विभाग आहे, खिडकी नाही, घड्याळ बंद, आणि तिथे गेलेला माणूस परत वर आलेला कोणी पाहिलेला नाही. माझ्या पोटात गोळाच आला. आता निदान "वास सोडतात" म्हणून तरी ओळख करून देतात, मग मेव्हणा काय म्हणून ओळख करून देईल, मला सांगा!

तर आता परीक्षा घेणं आलं. आमच्याकडे वासाची परीक्षा घ्यायला पाच माणसं आहेत. आम्ही त्यांना नाकपंच म्हणतो. एका बंद खोलीत मशीन लावायचं, पाचांनी आत जायचं, डोळे मिटून हुंगायचं आणि बाहेर येऊन दहापैकी गुण द्यायचे. पद्धत उत्तम! फक्त एकच बारीकशी गोष्ट... हे पाचही जण त्याच इमारतीत नोकरी करून पिकलेले! त्यांच्या डब्यातल्या पोळीला लव्हेंडरचा वास, पाकिटातल्या नोटांना गुलाबाचा! नाकाचं कसं असतं, नवीन वास आला की ते चौकशी करतं, कोण आहे, कुठून आलंय, आणि एकदा का रोजचं झालं की दखलच घेत नाही. आमची बायको म्हणते, नवऱ्यासारखंच. तर ह्या पाचजणांची नाकं केव्हाच सेवानिवृत्त झालेली, फक्त चेहऱ्यावरून हटलेली नव्हती.

मी मशीन लावलं एक नंबरावर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर. पंच आत गेले, बाहेर आले. "छान आहे हो, पण... कमी वाटतो." दोन नंबर. "मंद आहे, प्रसन्न आहे, पण कमी वाटतो." तीन. "आहे, म्हणजे असावा, पण..." अहो, एकजण तर खोलीत न जाताच म्हणाला, "कमी वाटतो!" आणि त्यांच्यावर कडी म्हणजे आमचा मार्केटिंगवाला. त्याला आम्ही अनुभूतीराव म्हणतो, कारण त्याच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही. "सर, हा वास नाही, ही एक अनुभूती आहे! हिचं नाव आपण ठेवूया 'शांत सरोवर'!" मी म्हटलं, "अहो, सरोवराला शेवाळाचा वास येतो." "तेच तर सर! लोकांना सरोवर पाहिजे, शेवाळ नको!" आणि मग हळूच, "पण सर, अनुभूती थोडी वाढवता आली तर..."

मग मी वाढवला. काय करणार? पाच पंच एका बाजूला, अनुभूती दुसऱ्या बाजूला, आणि खाली तळमजल्यावर गोळ्या वाट बघतायत. नाक जगाचं आणि नाकी नऊ आमच्या!

आता तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, तुम्हाला स्वतःला नाक नव्हतं का? होतं ना! चांगलं सरळ, नाकासमोर चालणाऱ्या माणसाला शोभेलसं होतं. पण मीही त्याच इमारतीतला! माझंही कधी बंद पडलं ते मलाच कळलं नाही. डोळ्यांना दिसेनासं झालं की माणूस खांबावर आपटतो, कानांना ऐकू येईनासं झालं की बायको ओरडते. नाक गेल्याचं कळणार कसं? मला कळलं ते असं... एकदा मी स्वयंपाकघरात बसून कोडं सोडवतोय, बायको गॅसवर दूध ठेवून खाली गेलीय, आणि मला काय वाटलं, बाहेर धुकं पडलंय! इतक्यात बायको जिन्यातून धावत वर, "अहो! दूध करपून कोळसा झालं! भांडं जळलं! शेजारी घंटा वाजवतायत! आणि तुम्ही इथे बसलाय? नाक आहे की नुसतं चष्मा ठेवायला दिलंय?"

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात टोचत राहिली, ती तुम्हाला सांगतो, कोणाला सांगू नका. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण बायको न्हाऊन शेजारून गेली की तिच्या ओल्या केसांचा एक वास यायचा. म्हणजे काही खास नाही, साबण आणि पाणी आणि ती. मी मुद्दाम जवळ गेलो, हुंगलं. काही नाही! ती म्हणाली, "काय करताय?" मी म्हटलं, "काही नाही, कोंडा बघतोय." आता हे बोलायची काही गरज होती का? दोन दिवस अबोला! पण खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. जगाला सुगंध वाटत फिरतोय आणि घरातला एक वास हरवून बसलोय.

तरी म्हटलं, घरी कोणाचं तरी ताजं नाक मिळेल. सासूबाई आल्या होत्या मुक्कामाला. त्यांना न सांगता दिवाणखान्यात मशीन लावलं, पंचांनी पास केलेलं, नऊ नंबरावर. सासूबाई आत आल्या, दारातच थांबल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "जावईबापू, घरात काही मेलंय का?" मी म्हटलं, "नाही हो." "मग मेलेलं कोणी झाकायचा प्रयत्न करतंय का?" आता मला सांगा, हे ऐकून शहाण्या माणसानं काय करावं? मशीन एक नंबरावर आणावं! मी काय केलं? मी म्हटलं, त्या सासूबाई आहेत, त्यांना माझं काय आवडलंय आजवर!

आणि मॅडम आल्या.

साहेबांनी बैठकीची खोली दिली होती, जाड पडदे, जाड गालिचा, खिडक्या बंद. मशीन नऊवर. आम्ही सगळे आत रांगेत उभे, चेहऱ्यावर मंद हसू, कारण आम्हाला कसलाच वास येत नव्हता! दार उघडलं. मॅडमनी एक पाऊल आत टाकलं. दुसरं टाकलंच नाही. डोळे लाल झाले, नाक लाल झालं, तोंड उघडलं, आणि जी शिंक आली... एकामागून एक! मध्येच श्वास घ्यायला तोंड उघडायच्या तर आणखी आत जायचं! अनुभूतीराव पुढे झाला, "मॅडम, भावना अनावर होणं स्वाभाविक आहे..." "पाणी!" मॅडम ओरडल्या. पाणी दिलं. एक घोट घेतला आणि थुंकल्या, "ह्याला पण येतोय!" त्यांना बाहेर नेऊन बसवलं, चहा दिला, चहाला पण येत होता. जाताना गाडीची काच खाली करून साहेबांना म्हणाल्या, "तुमचं ते फस्स निदान फस्स करून थांबायचं तरी!"

माझं नाक कापलं गेलं. म्हणजे तसं ते आधीच बंद होतं, पण आता अधिकृतपणे. दुसऱ्या दिवशी जिन्यात गोळ्यांचे विभागप्रमुख भेटले. इतके प्रेमळ गृहस्थ! माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारतात, "तुम्हाला खुर्ची उंच लागते की बुटकी?" तुम्हाला सांगतो, आयुष्यात माझे खूप अपमान झाले, पण इतक्या मायेनं कोणी केला नव्हता.

पण आमच्या साहेबांनी एक काम केलं, नाही म्हणणार नाही. मॅडमच्या ऑफिसात जाऊन नाक घासलं. पुन्हा एकदा या, पाच मिनिटं या, दारातून या, दारातून जा... मॅडम कबूल झाल्या. मग काय, आम्ही ती बैठकीची खोली धुऊन काढली! पडदे उतरवले, गालिचा उन्हात टाकला, खिडक्या सताड उघड्या, भिंती पुसल्या, पंखे लावले, कितीतरी दिवस खोली नुसती वारा खात बसली होती. मी नवं मशीन घेतलं. नवी वडी घेतली. एक नंबरावर लावलं. हुंगलं. काही नाही. पंचांना बोलावलं, "बघा बरं." पाचही जणांनी हुंगलं. "काही नाही." "नक्की?" "अजिबात नाही." मी म्हटलं, वा! म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे!

मॅडम आल्या. ह्या वेळी रुमाल हातात, अर्ध्या उघड्या दारातून फक्त डोकं आत. थांबल्या. रुमाल खाली केला. आत आल्या. डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला... आणखी एक घेतला... मॅडम हळूच म्हणाल्या, "हे काय आहे?" अनुभूतीराव म्हणाला, "मॅडम, हा वास नाही, ही एक..." "तुम्ही गप्प बसा." तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईंबद्दल अपार आदर वाटला! त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटूनच, आणि म्हणाल्या, "लहानपणी सुट्टीत सकाळी उठून खिडकी उघडायचे ना... तसं वाटलं. मी रोज चार हॉटेलांत फिरते. इतका स्वच्छ, इतका हलका सुगंध मी आजवर घेतलेला नाही. हाच पाहिजे. ह्यात काडीचाही फरक करायचा नाही!"

साहेब चक्क मोठ्यानं बोलले! "अभिनंदन!" म्हणाले. पंचांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मला भरून आलं हो. इतकी वर्षं धागा बांधलेली काठी घेऊन फिरलो त्याचं चीज झालं. सगळे मॅडमना पोचवायला खाली गेले आणि मी मशीनपाशी गेलो, मायेनं त्याला पुसलं, झाकण उघडलं...

नव्या वडीवर एक पन्नी असते. चकचकीत, चांदीसारखी. अत्तर उडू नये म्हणून कारखान्यातून लावून येते, वडी बसवायच्या आधी ती सोलून काढायची असते. लहान पोराला सांगितलं तरी काढेल. ती पन्नी होती. तिथेच होती! एक कोपरासुद्धा उचकटलेला नाही! खाली पंखा आपला बिचारा पन्नीवर फुंकर घालतोय, आणि वर खिडकीतून येतोय नुसता वारा... म्हणजे मॅडमना आवडलं ते काय होतं? खोली! नुसती धुतलेली खोली! आणि आम्ही सहा जणांनी, वासाच्या धंद्यातल्या सहा जणांनी, हुंगून म्हटलं होतं, नेहमीसारखं आहे!

मी साहेबांना सांगितलं. साहेब इतके हळू काहीतरी बोलले की ते मला आजतागायत कळलेलं नाही. अनुभूतीराव मात्र तयार! "सर, हा दोष नाही! ही शून्याची अनुभूती आहे!" शेवटी साहेब म्हणाले, "पन्नी काढा, एक नंबरावर ठेवा, तसं एक मशीन मॅडमकडे पाठवा. एक नंबर म्हणजे किती असा असणार? कळणारसुद्धा नाही." पाठवलं. तासाभरात मॅडमचा फोन. आवाज असा की साहेबांनी फोन कानापासून हातभर लांब धरला, तरी मला जिन्यात ऐकू आलं. "फसवता का मला? हे ते नाही! ह्याला वास येतो!"

घरी गेलो. बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल. नाही हसली. म्हणाली, "जाऊन खरं सांगून टाका त्यांना. तुमच्यानं खोटं निभावत नाही, जेवणसुद्धा जात नाही तुम्हाला. पाठवू देत गोळ्यांकडे. तिथून आल्यावर आंघोळ करा म्हणजे झालं." बघा! ह्याला म्हणतात संसार.

तर मी गेलो. मॅडमच्या ऑफिसात, मशीन काखोटीला मारून. टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, पन्नी दाखवली आणि म्हटलं, "मॅडम, माझी चूक झाली. त्या दिवशी तुम्ही जो सुगंध घेतलात तो आलाच नव्हता. ही पन्नी काढायची राहिली होती. मशीनमधून काही म्हणजे काही बाहेर येत नव्हतं." मला वाटलं होतं, बाई ओरडतील, हाकलून देतील. बाई थंड! माझ्याकडे नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या नाकाला काही कळत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" "नाही नाही मॅडम! फक्त पन्नी..." "पन्नीतून झिरपत असेल." "मॅडम, ती झिरपू नये म्हणूनच..." "तुम्ही मला शिकवू नका! माझ्या नाकावर बारा हॉटेलं चालतात!" आणि त्या पुढे वाकल्या, पन्नीवर नाक नेलं, डोळे मिटले. "हा काय! येतोय की!" बाहेरच्या दोघांना आत बोलावलं. "घ्या बरं वास. येतोय का?" पहिल्यानं मॅडमकडे बघितलं, मग पन्नीकडे, मग पुन्हा मॅडमकडे. "येतोय मॅडम. स्पष्ट येतोय." दुसरा म्हणाला, "मला तर जिन्यापासूनच येत होता." मॅडम मला म्हणाल्या, "तुमच्याच मशीनचं मर्म तुम्हाला कळलेलं नाही. तुम्ही फक्त बनवत जा." आता बोला! खरं सांगायला गेलो तर मीच अडाणी! नाक जगाचं आणि नाकी नऊ आमच्या!

झालं, ऑर्डर आली. बाराच्या बारा हॉटेलांची, प्रत्येक खोलीला एक. पन्नीसकट! "पन्नी काढू नये" असं झाकणावर छापून घेतलं. मॅडमना त्या दिवसासारखाच पाहिजे म्हणून हॉटेलवाले रोज खोल्या धुतात, पुसतात, खिडक्या उघडतात, आणि मग मशीन चालू करतात, आणि येणारे पाहुणे म्हणतात, काय मशीन आहे! बरं, मला जे जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं हं. थेंब नाही, ओघळ नाही, फरशी चिकट नाही, सुगंधाचा एक कणसुद्धा वाया जात नाही! महिना झाला की हॉटेलवाले भरलेली वडी काढतात आणि दुसरी भरलेली वडी लावतात. साहेबांनी माझा सत्कार केला. गोळ्यांचे विभागप्रमुख आले होते, त्यांनी हार घातला, पण डोळ्यांत निराशा होती हो. खुर्ची आणून ठेवली होती त्यांनी.

आणि एक झालं. आता आमच्या इमारतीत कोणी वडी फोडतच नाही, त्यामुळे हळूहळू सगळ्यांची नाकं उठून बसली. एका सकाळी मी चहा घेत होतो, बायको न्हाऊन शेजारून गेली, आणि मला एकदम... तोच. साबण, पाणी आणि ती. मी कप तसाच हातात धरून बसलो. डोळ्यांतून घळाघळा पाणी! ती म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हटलं, "सर्दी." खरं का नाही सांगितलं? काय सांगणार, जगाला नुसती पन्नी विकली तेव्हा तू परत आलीस, असं?

तर सगळं असं छान चाललेलं. मी म्हटलं, चला, सुटलो! आणि काल मॅडमचा फोन. "अहो, सुगंध उत्तम आहे, पाहुणे खूश आहेत, प्रश्नच नाही. पण काहीजण म्हणतात, रात्रभर खोलीत राहिलं की जरा उग्र होतो. डोकं चढतं. मलाही हल्ली तसंच वाटतंय. थोडा कमी करा."

कमी करा! मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, काय कमी करू? कशातून कमी करू?" साहेब म्हणाले, "मॅडम म्हणतायत म्हणजे असेल. करा कमी." अनुभूतीरावानं तर नव्याचं नावसुद्धा ठरवलं, 'आणखी शांत सरोवर'!

तर आता बसलोय सकाळपासून, पहिल्या पन्नीवर दुसरी पन्नी चिकटवत. नाकपंचांना बोलावलं. पाचही जणांनी डोळे मिटून हुंगलं. म्हणाले, "हां, आता बरोबर झाला. मघाशी फारच उग्र होता." मी म्हटलं, काय वेडी माणसं आहेत! म्हणून स्वतः हुंगून बघितलं...

खोटं कशाला बोलू? मलाही जरा बरं वाटलं.